ऊन फुकट, व्याज महाग

शेतात डिझेलचा पंप असला की खर्च थोडा थोडा होत राहतो. पंप स्वस्तात मिळतो, कधी जुनाही चालून जातो. मग कॅन घेऊन पेट्रोलपंपावर जायचं आणि लागेल तसे पैसे मोजायचे. सौरपंपाचं उलटं आहे. पॅनल, मोटर, कंट्रोलर, लोखंडी सांगाडा, सगळ्याचे पैसे पहिल्याच दिवशी लागतात आणि पुढे वीसेक वर्षं पाणी जवळजवळ फुकट मिळतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्केच ठेवला आहे, तो याच कारणाने. ऊन सगळ्यांच्याच रानात पडतं. गाडी अडते ती पहिल्या दिवशीच्या रकमेपाशी.

हीच अडचण एका शेताऐवजी अख्ख्या देशाला आली की विकास बँकांचा विषय सुरू होतो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आफ्रिकी विकास बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू ही नावं बातम्यांत येतात, सोबत कोटी-अब्जांचे आकडे येतात, आणि या बँका नेमकं करतात काय ते बातमीतून कळत नाही. ते कळण्यासाठी आधी एक छोटं गणित करू.

समजा, एक मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायला ४ कोटी रुपये लागतात आणि त्यातून वर्षाला १७ लाख युनिट वीज मिळते. आकडे गणितासाठी गोल केले आहेत, पण भारतातल्या वास्तवापासून फार लांब नाहीत. सगळी रक्कम कर्जाने उभी केली आणि २० वर्षं सारख्या हप्त्यांनी फेडायची ठरवली. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता येतो सुमारे २९ लाख ४३ हजार रुपये, म्हणजे युनिटमागे १ रुपया ७३ पैसे. व्याज १२ टक्के झालं की तोच हप्ता ५३ लाख ५५ हजारांवर जातो आणि युनिटमागे ३ रुपये १५ पैसे पडतात. पॅनल तेच, जमीन तीच, ऊन तेच. युनिटमागचे १ रुपया ४२ पैसे नुसत्या व्याजदरामुळे वाढले.

औष्णिक केंद्राला व्याजाची इतकी झळ बसत नाही, कारण तिथला मोठा खर्च कोळशाचा असतो आणि तो जाळायच्या वेळी होतो. डिझेल जनरेटरला तर त्याहून कमी. त्यामुळे ज्या देशात पैसा महाग असतो तिथे सौर आणि पवन वीज स्पर्धेत उतरण्याआधीच मागे पडते आणि धुराचा पर्याय स्वस्त वाटू लागतो. या संपूर्ण विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तर मी हीच सांगेन. उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेत इंधनाची जागा व्याजाने घेतलेली असते.

आणि पैसा महाग असतो तो नेमका गरीब देशांत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार विकसनशील देशांत सौर प्रकल्पासाठी भांडवल उभं करण्याचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त पडतो. याच संस्थेने २०२२ मध्ये दाखवून दिलं की सौरऊर्जेसाठी जगातल्या सर्वोत्तम जागांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत आणि जगात बसवलेल्या सौर क्षमतेपैकी तिथे आहे फक्त १ टक्का. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होतं.

सावकार जास्त व्याज लावतो तेव्हा तो धोका मोजत असतो. वीज प्रकल्पातला पहिला धोका वीज घेणाऱ्या कंपनीचा. आपल्याकडच्या वीज वितरण कंपन्यांची थकबाकी सर्वांना ठाऊक आहे, इतर अनेक देशांतही तेच चित्र आहे. करार २० ते २५ वर्षांचा, आणि त्यात एकच गिऱ्हाईक, तेही उधारीवालं. दुसरा धोका सरकार बदललं की करार फिरवला जाण्याचा. तिसरा चलनाचा. कर्ज डॉलरमध्ये किंवा युरोत, वीज विकायची स्थानिक पैशात. तो पैसा घसरला की हप्ता आपोआप फुगतो. चौथा धोका जमिनीचा आणि वाहिनीचा: प्रकल्प उभा राहिला, पण वीज वाहून नेणारे मनोरेच उभे राहिले नाहीत तर?

विकास बँक म्हटलं की आपल्याला ओळखीची नाबार्ड आठवावी. १९८२ साली स्थापन झालेली ही बँक शेतकऱ्याच्या दारात शाखा उघडून बसत नाही. जिल्हा बँका आणि सहकारी संस्थांच्या मागे उभी राहून ती त्यांना पतपुरवठा करते. नफ्यापेक्षा एखादं काम पुढे जावं म्हणून कर्ज देणारी सरकारी मालकीची बँक, अशी साधी व्याख्या करता येईल. जागतिक पातळीवर या बँकांचे मालक म्हणजे देश.

जागतिक बँकेचा आराखडा १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेत ठरला. त्या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख होते. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांची उभारणी आणि मागास राहिलेल्या देशांचा विकास, ही दोन्ही कामं या बँकेकडे आली. पहिलं कर्ज १९४७ साली फ्रान्सला गेलं. जर्मनीची केएफडब्ल्यू १९४८ साली जर्मनीच्याच पुनर्बांधणीसाठी निघाली. आज मदत करणाऱ्यांच्या रांगेत दिसणारे देश एकेकाळी याच खिडकीवर उभे होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

या बँकांचा पैसा स्वस्त का? सदस्य देशांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल थोडं असतं. उरलेल्या मोठ्या रकमेबद्दल, ‘वेळ पडली तर देऊ’ असा त्यांचा शब्द असतो. त्या शब्दाच्या जोरावर जागतिक बँकेला १९५९ पासून सर्वोच्च पतमानांकन आहे, आणि ती जगाच्या बाजारात रोखे विकून अगदी कमी व्याजात पैसा उचलते. त्यावर थोडा स्वतःचा खर्च चढवून तो पुढे देते. दुसरं कारण असं की अडचणीत आलेले देशही या बँकांचे हप्ते शक्यतो चुकवत नाहीत, कारण पुढच्या वेळी दुसरं दार उघडं नसतं. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जांची परतफेड थांबवली, पण त्यातून अनेक देशांच्या मालकीच्या या विकास बँका वगळल्या होत्या. ज्याची वसुली पक्की, तो कमी व्याजात देऊ शकतो.

महाराष्ट्राचा या पैशाशी संबंध जुना आहे. टाटांच्या ट्रॉम्बे औष्णिक केंद्रासाठी जागतिक बँकेने १९५४ मध्ये कर्ज दिलं, पुढे कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पालाही दिलं. सौरऊर्जेत पाहायचं तर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला शिवाजीनगरचा प्रकल्प. महानिर्मितीचा हा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ साली सुरू झाला आणि त्यासाठी केएफडब्ल्यूने २५ कोटी युरोंचं कर्ज दिलं होतं. तेव्हा पॅनल आजच्यापेक्षा कितीतरी महाग होते आणि एवढा मोठा सौर प्रकल्प चालवण्याचा अनुभव देशात थोड्यांनाच होता. अशा वेळी पहिल्याने पुढे होणारा सावकार लागतो.

पण कर्ज देणं हा या बँकांच्या कामाचा एक भाग झाला. धोका कमी करणं हा दुसरा भाग आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मध्य प्रदेशातलं रीवा.

रीवा जिल्ह्यातल्या गुढ तहसिलीत ७५० मेगावॅटचा सौर पार्क, २५० मेगावॅटचे तीन भाग. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याचा लिलाव झाला. बोली खाली खाली येत तेहेतीस तास चालली आणि शेवटी पहिल्या वर्षाचा दर ठरला २ रुपये ९७ पैसे. त्याआधी देशातला सर्वांत कमी दर होता ४ रुपये ३४ पैसे. रीवाचा दर पहिली पंधरा वर्षं दरवर्षी ५ पैशांनी वाढणार होता. ती वाढ धरूनही सरासरी ३ रुपये ३० पैशांच्या आसपास पडते, म्हणजे एक रुपयाहून जास्त घसरण.

पॅनलच्या किमती तेव्हा झपाट्याने उतरत होत्या, त्याचा वाटा मोठा होताच. पण रीवाची तयारी वेगळी होती. जागतिक बँक समूहातली खासगी क्षेत्रासाठीची संस्था, आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, इथे सल्लागार होती, आणि तिने मसुदा लिहायला बसताना सावकाराला काय काय भीती वाटते याचा आधी विचार केला होता. जमीन आणि वाहिनीचं काम कंपन्यांच्या गळ्यात न टाकता पार्ककडे ठेवलं. वीज तयार आहे पण ग्रिड घेऊ शकत नाही, असं झालं तर भरपाई कशी मिळेल ते करारात लिहिलं. पैसे थकले तर काय, याची तीन पदरी सोय केली: आधी बँकेची पतहमी, ती संपली तर वेगळा राखून ठेवलेला निधी, आणि त्याच्याही मागे राज्य सरकारची हमी. शिवाय २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोने घ्यायचं कबूल केलं, म्हणजे एकाच वितरण कंपनीवर सगळा भार राहिला नाही.

पार्कच्या सामायिक सोयींसाठी जागतिक बँकेचं जे कर्ज ‘इरेडा’ या अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत येणार होतं, ते १० कोटी डॉलरच्या आतलं. त्यातला काही भाग ‘क्लीन टेक्नॉलॉजी फंड’ नावाच्या निधीतला. या निधीची सर्वांत सवलतीची कर्जं ४० वर्षांची असतात, पहिली १० वर्षं मुद्दल मागत नाहीत आणि व्याजाऐवजी पाव टक्का सेवाशुल्क घेतात. प्रकल्पाचा मुख्य पैसा खासगी कंपन्यांनी आणला. तीन महिन्यांत, मे २०१७ मध्ये, राजस्थानात भडल्याच्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत आला. गावात एखाद्याला प्रतिष्ठित माणूस जामीन राहिला की पतसंस्थेचा व्यवस्थापक जसा निर्धास्त होतो, तसं रीवात घडलं. फरक इतकाच की इथे जामीनदाराने कागदही नीट करून दिले.

रीवाचं कौतुक करून थांबलं तर चित्र अपुरं राहील. केनियाकडे जाऊ.

केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ, लोयंगलानीच्या परिसरात वारा जवळजवळ अखंड वाहतो. तिथे ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॅटचा प्रकल्प ठरला. रस्तासुद्धा धड नव्हता. पवनचक्क्यांची पाती न्यायची म्हणून दोनशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता आधी सुधारावा लागला. जागतिक बँक सुरुवातीला सोबत होती, पण २०१२ मध्ये बाहेर पडली. वीज वापरली नाही तरी पैसे द्यायचे, ही अट केनियाच्या वीज कंपनीला झेपणार नाही असं तिचं म्हणणं होतं. मग आफ्रिकी विकास बँकेने पुढाकार घेतला, युरोपीय गुंतवणूक बँकही आली, आणि वाहिनी वेळेत झाली नाही तर काय या धोक्यासाठी आफ्रिकी विकास निधीने हमी दिली.

धोका तिथेच उभा राहिला. पवनचक्क्या २०१७ च्या सुरुवातीला तयार होत्या. सव्वाचारशे किलोमीटरहून लांब वाहिनी मात्र तयार नव्हती. तिचं काम घेतलेली स्पॅनिश कंपनी मध्येच दिवाळखोरीत गेली, दुसऱ्यांना आणून काम पुरं करावं लागलं. सप्टेंबर २०१८ मध्ये वाहिनी जोडली गेली. तोवर सरोवराकाठी पाती उभी होती, वारा वाहत होता आणि एकही युनिट नैरोबीला पोहोचत नव्हतं. करारानुसार या न मिळालेल्या विजेची भरपाई केनियावर बसली, अब्जावधी शिलिंगांची. शेवटी तो भार वीजबिलातून आणि करातून सामान्य माणसाकडेच येतो. जागतिक बँकेने जी भीती सांगितली होती, ती अशी वाहिनीच्या वाटेने खरी ठरली.

आज तो प्रकल्प चालतो. केनियाच्या विजेत त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहिला आहे आणि त्यामुळे महागडं इंधन जाळणं कमी झालं. म्हणून त्याला फसलेला प्रकल्प म्हणणं चूक ठरेल. पण धोका नाहीसा झाला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा तो फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो. गुंतवणूकदाराच्या खांद्यावरून उतरला तो सरकारच्या खांद्यावर चढला. प्रत्येक अशा करारात, धोका आता कोणाकडे आहे, हे आधी शोधावं.

तुर्कानात चलनाचा धोकाही असाच सरकला. विजेचा दर ठरला युरोत, युनिटला ७.५२ युरो सेंट. २०१४ च्या सुमाराला एका युरोला साधारण ११७ शिलिंग पडत होते, म्हणजे युनिट पावणेनऊ शिलिंगांच्या आसपास. २०२३ च्या अखेरीस युरो १७० शिलिंगांच्या वर गेला आणि तेच युनिट पावणेतेरा शिलिंगांपलीकडे पोहोचलं. वाऱ्याने भाव वाढवला नव्हता.

चलनाच्या या दुखण्यावर उपाय आहेत, पण ते अजून तोकडे आहेत. एक भारतीय वाचकांना ऐकून माहीत असेल: मसाला बाँड. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१४ मध्ये लंडनच्या बाजारात रुपयांतले रोखे आणले आणि त्यांना हे नाव दिलं. रुपया घसरला तर तोटा परदेशी गुंतवणूकदाराचा, कर्जदाराचा नाही. २०१५ मध्ये ३१५ कोटींचा हरित मसाला बाँडही निघाला. पण हे भारताला जमतं, कारण रुपयावर विश्वास ठेवणारे लोक बाहेर आहेत. मलावी किंवा झांबियाच्या चलनात कोण रोखे घेणार? अशा चलनांचा धोका अंगावर घेण्यासाठी विकास बँकांनी मिळून २००७ साली अॅमस्टरडॅममध्ये टीसीएक्स नावाचा निधी काढला. तो उपयोगी आहे, पण हा विमा महाग पडतो, आणि महाग पडला की आपण पुन्हा त्या ४ आणि १२ टक्क्यांच्या गणितापाशी येतो. माझं स्पष्ट मत आहे की सवलतीचा पैसा सर्वांत आधी इथे वापरला पाहिजे, हा विमा स्वस्त करण्यासाठी. मोठ्या प्रकल्पांच्या उद्घाटनाच्या फलकावर नाव येणार नाही, पण गरीब देशाचा हप्ता स्थिर राहील.

या बँकांबद्दलची आणखी एक तक्रार मला रास्त वाटते. ‘हवामान मदत’ म्हणून जे जाहीर होतं, त्यातलं पुष्कळसं कर्ज असतं. दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी २०२१ मध्ये श्रीमंत देशांनी ८.५ अब्ज डॉलर कबूल केले, त्यात अनुदान अगदी थोडं होतं. कर्ज परत करायचं असतं. सौर प्रकल्प वीज विकून आपलं कर्ज फेडू शकतो. पण तिथल्या कोमाती केंद्रासारखं जुनं औष्णिक केंद्र बंद झाल्यावर तिथल्या कामगारांना नवं काम शिकवण्यातून परतफेडीचा पैसा निघत नाही. तिथे कर्जाऐवजी अनुदानच हवं.

राहिली जमीन. तुर्कानाच्या प्रकल्पाला दिलेली दीड लाख एकर जमीन तिथल्या पशुपालक समाजांच्या चराईची. २०२१ मध्ये केनियाच्या न्यायालयाने ती जमीन देण्याची प्रक्रिया नियमबाह्य ठरवली, तेव्हा पवनचक्क्या फिरू लागून काही वर्षं झाली होती. या ठिकाणी मला नंदुरबार आठवतं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. धरणाची वीजही बिनधुराचीच, पण पाण्याखाली जाणार होती अक्कलकुवा आणि अक्राणीच्या आदिवासींची गावं. तीन राज्यांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, समितीने पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी मांडल्या आणि मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज नको असं भारत सरकारने कळवलं.

त्याच वर्षी जागतिक बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापन केलं. बँकेच्या पैशातल्या प्रकल्पामुळे नुकसान झालं असं वाटणारे किमान दोन जण तिथे तक्रार करू शकतात, आणि बँकेने स्वतःचेच नियम पाळले की नाही हे पॅनेल तपासतं. आशियाई आणि आफ्रिकी विकास बँकांनीही पुढे अशा यंत्रणा उभ्या केल्या. सौर पार्कसाठी गायरान जात असेल, मोबदल्याचं काही ठरत नसेल, तर प्रकल्पात पैसा कोणत्या बँकेचा आहे हे आधी विचारावं; मोठ्या विकास बँका आपल्या कर्जांची कागदपत्रं संकेतस्थळावर ठेवतात. पॅनेलकडे अर्जाला वकील लागत नाही, ठरावीक नमुना लागत नाही. साधं पत्र पुरतं आणि ते कोणत्याही भाषेत चालतं. मराठीत, अहिराणीत, पावरीतही.